उद्यापासून येऊ नको

कामगार न्यायालयात मालकांच्या बाजूने उभं राहणं हा माझा व्यवसाय. वीसहून अधिक वर्षं तो केल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांचं मूळ एकाच वाक्यात सापडतं : ‘उद्यापासून येऊ नको.’ कधी हे वाक्य कारखान्याच्या गेटवर बोललं गेलेलं असतं, कधी पगाराच्या संध्याकाळी, हल्ली फोनवरही. मालक ते रागात बोलून जातो आणि जेवायच्या वेळेपर्यंत विसरतो. कामगार विसरत नाही. त्याच्या तक्रार अर्जात तारीख, वेळ आणि शेजारी कोण उभं होतं, सगळं येतं. मग त्या एका वाक्याभोवती आम्ही दोन्हीकडचे वकील सात-आठ वर्षं फिरत राहतो.

मी मूळचा मिरजगावचा. कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. पावसाच्या भरवशावरची ज्वारी, तूर, थोडा कांदा. सीना धरण जवळ असलं तरी सगळ्यांच्या शेतात पाणी नाही. त्यामुळे माणसं कामाला बाहेर पडतात. कोणी नगरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत, कोणी रांजणगाव-चाकणला, आणि हंगाम लागला की कोयता घेऊन ऊसतोडीला. माझ्या भावकीत कामगार भरपूर आहेत, मालक जवळपास नाहीतच. म्हणून गावी गेलो की पारावर कोणीतरी विचारतोच, “वकील, तुम्ही आपल्या लोकांच्या विरोधात उभं ऱ्हाता म्हणं?” एकदा एका कॉलेजच्या मुलाने याहून टोकदार प्रश्न केला. “बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी कामगारांसाठी काय काय केलं, आणि तुम्ही काय करता?”

खरं उत्तर अगदी साधं आहे. कायद्याची पदवी घेऊन नगरला ज्या सिनिअरकडे बसलो, त्यांच्याकडे कारखानदारांची कामं होती. ती शिकलो आणि तीच येऊ लागली. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. पण पुढे कळलं की या बाजूला बसल्यावर एक काम करता येतं, जे समोरच्या बाजूला बसून करता येत नाही. मालकाला ‘नाही’ म्हणता येतं, आणि तो ऐकतो, कारण त्यासाठी त्याने फी भरलेली असते.

सिनिअरांची पहिली शिकवण होती : मालकाची हकीकत नंतर ऐकायची, आधी मस्टर मागायचं. हकीकत सांगताना माणूस स्वतःला मोठा करतो. मस्टरला ते जमत नाही. कोण किती दिवस होता, पगार कुठल्या हुद्द्याचा, सही आहे की अंगठा, सुट्ट्या किती, हे सगळं त्यात असतं. मस्टर नसेल किंवा काल रात्री बसून एकाच शाईने लिहिलेलं असेल, तर तेही लगेच कळतं. मला कळतं तसं न्यायाधीशांनाही कळतं.

मालक म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जो बंगलेवाला येतो, तो माझ्याकडे क्वचितच आला. माझे पक्षकार म्हणजे बँकेचं कर्ज काढून शेड टाकलेला फॅब्रिकेटर, गावोगाव गाड्या फिरवणारा दूधवाला, पतसंस्थेचे संचालक, खडी क्रशरवाला, पेट्रोल पंप चालवणारा. यांतले अर्धे कधीकाळी स्वतः कामगार होते. म्हणूनच त्यांचा राग मोठा असतो. “मी त्याला हाताला धरून वेल्डिंग शिकवलं, त्याच्या बहिणीच्या लग्नाला पैसे दिले, आणि त्याने माझ्यावर केस टाकली.” त्याच्या लेखी हा नोकरीचा वाद नसून भाऊबंदकीतला दगा असतो. आणि भाऊबंदकी चालवायची त्याची रीत म्हणजे वर्षानुवर्षं न बोलणं.

असाच एक शेडवाला. त्याच्या वेल्डरशी उचलीवरून भांडण झालं. वेल्डर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा गेटवर अडवला गेला. त्याने अनुचित कामगार प्रथांच्या १९७१च्या कायद्याखाली, आमच्या भाषेत यूएलपी, तक्रार केली. तीही नव्वद दिवसांच्या मुदतीत. मालकाचं म्हणणं ठरलेलं : “मी काढलंच नाही, तो सोताहून गेला.” हा बचाव मी इतक्यांदा ऐकलाय की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो. तो गेला, तर तुम्ही त्याला परत बोलावणारं पत्र पाठवलं का? पोस्टाची पावती आहे का? नसते. काम सोडून गेला असं म्हणायचं असेल, तरी त्याला विचारल्याशिवाय, त्याची बाजू ऐकल्याशिवाय नाव कमी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये डी. के. यादव प्रकरणात स्पष्ट केलंय. कामगाराची खरोखर वाट पाहणाऱ्या मालकाने निदान एक पत्र टाकलं असतं.

मी शेडवाल्याला म्हणालो, पहिल्याच तारखेला कोर्टात लिहून देऊ, की याला आम्ही काढलेलं नाही, उद्या सकाळी आठला कामावर यावं. तुम्ही म्हणताय ते खरं असेल तर यात तुमचं काय जातंय? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” त्याने लिहून दिलं नाही. प्रकरण चालत राहिलं. शेवटी मागील पगारासह कामावर घेण्याचा आदेश झाला. औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण झालं, तिथेही तेच. पुढे आकड्यावर तडजोड झाली, आणि तो आकडा ऐकून शेडवाला म्हणाला, या पैशात नवीन मशीन आलं असतं.

त्यानंतर मी टेबलावर एक कोरा कागद ठेवायला लागलो. नवा मालक आला की त्याच्यासमोर हिशेब मांडतो. समजा पगार १२,००० रुपये, नोकरी ८ वर्षं, आणि कामच कमी झालंय म्हणून माणूस कमी करायचाय. एक महिन्याची नोटीस, नाहीतर १२,००० रुपये. दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे ४८,०००. ग्रॅच्युइटी पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने साधारण ५५,०००. एकूण १,१५,००० रुपये, आणि माणूस हिशेब घेऊन घरी. आता दुसरी बाजू. गेटवर तोंडी काढला, सात वर्षं केस चालली आणि तुम्ही हरलात. ८४ महिन्यांचा पगार १०,०८,००० रुपये. कोर्टाने निम्माच दिला तरी पाच लाखांच्या वर. शिवाय माणूस परत कामावर, शिवाय माझी फी. या कागदाने जेवढे मालक शहाणे झाले, तेवढे माझ्या कुठल्याही युक्तिवादाने झाले नाहीत.

मागील पगाराबाबत कायदा बराच बदलत गेला. आमच्या सुरुवातीच्या काळात मालकाच्या वकिलाला ‘काम नाही तर दाम नाही’ एवढं म्हणून बऱ्यापैकी पुढे जाता यायचं. २०१३मध्ये दीपाली गुंडू सुरवसे या महाराष्ट्रातल्याच शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घडी बसवली. बेकायदा काढलं असेल तर मागील पगार हा नियम. कामगाराने शपथेवर सांगायचं की मी दुसरीकडे कमावत नव्हतो. मग तो कमावत होता हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. या निकालानंतर मालक मला फोटो पाठवू लागले. अमुक भाजी विकतोय, तमुक रिक्षा चालवतोय. त्यातले बहुतेक निरुपयोगी. पोट भरायला माणूस काहीतरी करणारच. रस्त्याकडेला चार पेंड्या मेथी विकणं ही पर्यायी नोकरी होत नाही.

आता दुसऱ्या प्रकारची चूक, घाईची. एका दूध शीतकरण केंद्रातला कर्मचारी नातेवाइकाच्या खात्यावर न घातलेलं दूध घातल्याचं दाखवत होता. संकलनाच्या पावत्या आणि टँकरचं माप यांत फरक पडत गेला आणि व्यवस्थापकाने त्याला रंगेहाथ धरलं. प्रकरण कागदावर इतकं स्वच्छ होतं की मला वाटलं, हे हरणं शक्य नाही. मग चौकशीची फाईल उघडली. ज्याने पकडलं तोच चौकशी अधिकारी. साक्षीदारांचे जबाब कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीत घेतलेले. उलटतपासाची संधी नाही. निष्कर्षाची प्रत दिलेली नाही. बडतर्फीच्या पत्रावर पुन्हा त्याच व्यवस्थापकाची सही. फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा, तिन्ही एकच माणूस.

कामगार न्यायालयात अशा वेळी आधी एकाच प्रश्नावर निकाल होतो : चौकशी न्याय्य आणि योग्य होती का? आम्ही त्याला पार्ट वन म्हणतो. तिथे आम्ही हरलो, हरणारच होतो. पण कैफियतीत एक परिच्छेद घातलेला होता, की चौकशी सदोष ठरली तर गैरवर्तन कोर्टासमोर पुराव्याने सिद्ध करण्याची परवानगी असावी. हा परिच्छेद वेळेवर घातला नाही तर तो हक्क हातचा जातो. परवानगी मिळाली. पावत्या, टँकरची नोंद, व्यवस्थापकाची साक्ष, सगळं नव्याने कोर्टात झालं आणि बडतर्फी टिकली. चौकशीत महिना-दीड महिना नीट घालवला असता, तर ही काही वर्षं वाचली असती. या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कायदा चोराला पाठीशी घालतो, ही मालकांची आवडती तक्रार खरी नाही. चोराचंही ऐकून घ्या, एवढंच तो सांगतो. ऐकून घेतल्यावर काढायला तो आडवा येत नाही.

तेव्हापासून चौकशी लावणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो : आरोपपत्रात तारीख आणि घटना लिहा, ‘उर्मट वागतो’ असं लिहू नका. चौकशी अधिकारी बाहेरचा घ्या. कामगाराला त्याचा प्रतिनिधी आणू द्या. निलंबित केलं असेल तर निर्वाह भत्ता वेळेवर द्या. पहिले नव्वद दिवस निम्मा, नंतर पाऊण. भत्ता थकवून चौकशी चालवली तर त्या माणसाकडे चौकशीला यायलाही एसटीचे पैसे नव्हते, असं समोरून म्हणता येतं. आणि ते बहुधा खरं असतं.

काही मालक मात्र घाईने नव्हे, हुशारीने अडकतात. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला काढताना नोटीस आणि भरपाईचं संरक्षण मिळतं. हे कोणीतरी अर्धवट समजावल्यामुळे ‘ब्रेक’ देण्याची पद्धत पडली. सात महिने काम, पंधरा दिवस ब्रेक, पुन्हा नव्याने भरती. एका कारखानदाराने असे ब्रेक मला अभिमानाने दाखवले. मस्टर खरोखर निर्दोष होतं. पण समोरच्या वकिलाने कोर्टामार्फत दिवाळीच्या बोनसचं रजिस्टर मागवलं. ब्रेकच्या दिवसांतही त्या पोरांचे हजेरीचे दिवस धरून बोनस वाटलेला होता, कारण बोनसचं काम दुसऱ्या कारकुनाकडे होतं आणि तो प्रामाणिक होता. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर मला बोलायला काही उरलं नाही. कायमपणाचे फायदे नाकारण्याच्या उद्देशाने वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं हीच त्या १९७१च्या कायद्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. तो उद्देश मालकाने ब्रेक देऊन स्वतःच्या हाताने सिद्ध करून ठेवला होता.

सगळ्यात अवघड प्रकरणं अपघाताची. एका क्रशरवर पट्ट्यात अडकून एक मजूर गेला. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. तेराव्याच्या आत तो त्या घरी गेला, चार पंचांसमोर पैसे दिले, स्टॅम्प पेपरवर ‘आता काही मागणं नाही’ असं लिहून घेतलं. त्याला वाटलं, विषय मिटला. वर्षभराने त्या मजुराच्या बायकोचा अर्ज आला. मी त्याला सांगितलं, १९२३च्या नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरच्यांच्या हातात दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडली, तर दिलेली धरलीच जात नाही. महिन्याच्या आत जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. तो चिडला. “दोनदा द्यायचे का?” कायद्याने हा नियम का केला, हे त्याच प्रकरणात कळलं. पंचांसमोर दिलेल्या पैशातला एक रुपयाही त्या बाईपर्यंत पोचलेला नव्हता. दिराने त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता फेडला होता. हे ऐकल्यावर क्रशरवाल्याने वाद घातला नाही, रक्कम भरली. त्यानंतर त्याने सगळ्या मजुरांचा विमा उतरवला, आणि ओळखीच्या दोन क्रशरवाल्यांनाही माझ्याकडे घेऊन आला.

साखर कारखान्यांची कामं वेगळ्या चालीची. नगर जिल्हा हा सहकारी साखरेचा जिल्हा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून इथलं राजकारण, शेती आणि नोकऱ्या उसाभोवतीच आहेत. कारखान्याच्या कामगाराला १९४६चा औद्योगिक संबंधांचा कायदा लागू. त्याला थेट कोर्टात जाता येत नाही, आधी व्यवस्थापनाला ॲप्रोच लेटर द्यावं लागतं. हंगामी कामगाराला बंद हंगामातला रिटेन्शन भत्ता असतो. या सगळ्याचे दाखले माझ्या कपाटात आहेत. पण कारखाना अडचणीत आला आणि महिनोन्महिने पगार थकला, की दाखल्यांचा उपयोग उरत नाही. कामगार वसुलीचा दाखला मिळवतो, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तहसीलदार जप्तीला निघतात आणि कळतं, की जप्त करण्यासारखं जे होतं त्यावर बँकेचा बोजा आधीच आहे. अशा वेळी मालकाच्या वकिलाने किती चांगला बचाव केला, याला काही अर्थ नसतो. देणं खरं असतं आणि पैसे नसतात.

पण याच कारखान्यांच्या गेटबाहेर जो माणूस असतो, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. ऊसतोड मजूर. त्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा कारखान्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्या डोक्यावर हंगामाआधी घेतलेली उचल. कारखान्याच्या मस्टरवर त्यांचं नाव कुठेच नाही. एका प्रकरणात मी कारखान्याच्या बाजूने हेच मांडलं, की यांच्यात आणि आमच्यात मालक-नोकर नातं नाही. कागदपत्रांवर ते बरोबर होतं आणि ते मान्य झालं. माझ्याच शेजारच्या गावातली माणसं होती ती. आता राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ केलं आहे, ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली आहे. ते बरंच आहे. तरी मला विचाराल तर सांगतो : ज्या कामाशिवाय गाळपच सुरू होत नाही, ते काम करणाऱ्याचा मालक कोण, हे कागदावर ठरत नसेल, तर दोष कागदाचा आहे. ही गोष्ट वकिलाने कोर्टात जिंकायची नाही, विधिमंडळाने सोडवायची आहे. पारावरच्या त्या मुलाला मी हे सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

समोरच्या बाजूबद्दलही सांगायला हवं. औद्योगिक विवाद कायद्यात एक गंमत होती. सरकारने कोर्टाकडे सोपवलेल्या वादात, म्हणजे रेफरन्सच्या कामात, समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी असल्याशिवाय वकिलाला उभंच राहता यायचं नाही, आणि समेट अधिकाऱ्यापुढे तर अजिबातच नाही. कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं, की वकील आले की मिटणारं मिटणार नाही. एक जुने युनियन पुढारी माझ्या वकीलपत्राला दरवेळी हरकत घ्यायचे. शिक्षण बेताचं, पण कलमं तोंडपाठ, आणि कुठलं प्रकरण कितीत मिटेल याचा अंदाज माझ्याहून पक्का. हरकत घेऊन झाली की बाहेर चहाला बोलवायचे आणि म्हणायचे, “आता बोला, मालक काय म्हणतो?” पगारवाढीच्या एका बोलणीत माझा पक्षकार ‘ऐपत नाही’ यावर अडून बसला होता. पुढारी शांतपणे म्हणाले, “मग ताळेबंद दाखवा.” मालक माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ताळेबंद दाखवायचा नसेल तर ऐपतीचं बोलू नका. त्याच संध्याकाळी तीन वर्षांचा करार झाला. एकमेकांवर वर्षानुवर्षं ओरडूनही आम्हा दोघांचा एकमेकांच्या शब्दावर विश्वास होता. तडजोडी अशा विश्वासावर होतात. न्यायाधीश त्यावर फक्त सही करतात.

माझ्या कामाला वळण देणारा काळ २०२०चा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि २९ मार्चला केंद्राचा आदेश आला, की कामगारांचे पगार कपात न करता द्यावेत. माझा फोन थांबेना. “साहेब, शेड बंद, येणी अडकलेली, पगार कुठून देऊ?” आदेश टिकेल की नाही, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. पुढे मे महिन्यात तो मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मालक-कामगारांनी त्या काळाच्या पगाराबाबत आपसात बोलून मिटवावं. पण त्याआधीच्या दोन महिन्यांत मालकांचे दोन प्रकार दिसले. एकाने सगळ्या पोरांना फोन केला, निम्मा पगार आणि घरटी धान्य देतो म्हणाला, आणि जे ठरलं ते कागदावर उतरवून सह्या घेतल्या. दुसऱ्याने फोन बंद ठेवला. टाळेबंदी उठल्यावर पहिल्याची पोरं परत आली, एकही केस झाली नाही. दुसऱ्याची आलीच नाहीत, त्यांच्या नोटिसा आल्या. दोघांची आर्थिक स्थिती जवळपास सारखीच होती.

त्या काळापासून मी कोर्टातल्या कामापेक्षा कोर्टात न जाण्याच्या कामाला जास्त वेळ देतो. नेमणूकपत्रं तयार करून देणं, स्थायी आदेश मराठीत समजावणं, वर्षातून एकदा वह्या तपासणं. यात पैसा कमी. मालकांची एक खोड आहे, आग लागल्यावर ते वकिलाला पैसे देतात, आग लागू नये म्हणून देत नाहीत. आणि केस मिटली की शेवटचा हप्ता विसरतात. कामगारांचे पगार वेळेवर द्या म्हणून ज्याला सांगायचं, त्याच्याकडे आपल्याच फीसाठी चकरा माराव्या लागतात, हाही या व्यवसायाचा अनुभव.

२१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि पुन्हा फोन सुरू झाले. बहुतेकांचा प्रश्न एकच : “आता काढता येतं ना?” त्यांनी ऐकलेलं असतं, की कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभरावरून तीनशेवर गेली. मी विचारतो, तुमच्याकडे माणसं किती? पंधरा. मग तुम्हाला परवानगी पूर्वीही लागत नव्हती. नोटीस आणि भरपाई पूर्वीही होती, आजही आहे. तुमच्यासाठी खरोखर बदललंय ते वेगळंच. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा आहे. ठरावीक मुदतीसाठी ठेवलेल्याला एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी आहे. म्हणजे नव्या कायद्याने छोट्या मालकाला काढण्याची मोकळीक फारशी दिलेली नाही, लिहून ठेवण्याची सक्ती मात्र केली आहे. हे ऐकून पलीकडून जो आवाज येतो, तो आनंदाचा नसतो. मला स्वतःला हा बदल योग्य वाटतो. ज्या माणसाच्या हातात नेमणूकपत्र आहे, त्याला ‘तू आमचा नव्हतासच’ असं सांगता येत नाही, आणि ज्या मालकाने ते दिलंय, त्याच्यावर खोटा दावाही सहज उभा राहत नाही.

वाचणाऱ्यांत कोणी मालक असेल तर त्याला एवढंच सांगणं आहे. राग आलेल्या दिवशी कोणाला काढू नका. दुसऱ्या दिवशीही काढावंसं वाटलं तर आधी त्याला लेखी विचारा, त्याचं लेखी उत्तर घ्या, आणि मग वकिलाकडे या. वाचणारा कामगार असेल, तर नेमणूकपत्र मागून घ्या, पगाराच्या पावत्या जपा, आणि गेटवर अडवलं तर त्याच आठवड्यात पत्र टाका, नव्वदावा दिवस उजाडायची वाट पाहू नका. दोघांनीही एवढं केलं तर माझ्यासारख्या वकिलांची निम्मी कामं बंद पडतील. ती पडावीत, असंच माझं मत आहे.